लाल हौदाचा दांडका

मी दांडका बोलतोय. बाभळीचा, सरळ, जड, पुरुषभर उंच. गोड बोलणं मला येत नाही.

माझा जन्म माढ्याकडच्या एका बांधावर. कुऱ्हाडीचे घाव घालून मला पाडलं, काटे खरडले, साल सोलली. सोलापुरात एका रंगाच्या कारखान्यात आणलं आणि आल्या आल्या उकळत्या सोड्यात बुडवलं. लाकूड ओरडत नाही. म्हणून माणसाला वाटतं, त्याला काही होत नाही.

काम एकच. हौदात लाल रंग उकळतो, त्यात सुताच्या लडी सोडतात, आणि मी ढवळतो. चादरीवरची लाल फुलं तुम्ही पाहता ना, त्यांत माझी मेहनत आहे. हे मी ताठ मानेनं सांगतो.

माझा धनी चनमल्लप्पा, लाल हौदाचा मिस्त्री. त्याचे दोन्ही हात कोपरापर्यंत लाल. साबणानं जात नसत, रॉकेलनं जात नसत. लग्नाच्या पंगतीत तो ते हात मुद्दाम पुढं करून बसे. रंगात मीठ पुरतं पडलं का, हे जिभेवर थेंब टाकून ठरवी. लाल हौदाला दुसऱ्यानं हात लावलेला त्याला खपत नसे. कुणी लावलाच, तर मी त्याच्या पाठीवर पडे. आत घुसलेलं पिसाळलेलं कुत्रं मी एका घावात आडवं केलं. सूत चोरणाऱ्याचा गुडघा फोडला. हात चनमल्लप्पाचा, वजन माझं.

वर मालक तात्याबा. त्याचा कुणावर विश्वास नाही. रंगाची पावडर महाग, म्हणून ती तो स्वतःच तोलतो. दार लावून, पंखा बंद करून, कारण वाऱ्यानं चिमूटभरही उडता कामा नये. खोलीतून बाहेर येतो तेव्हा भुवयासुद्धा लाल असतात.

या कारखान्यात एक समजूत होती. लाल हौदावरच्या माणसाला कधी ना कधी लाल लघवी होणारच. नवा माणूस पांढराफटक पडून मुतारीतून धावत येई, आणि चनमल्लप्पा खदाखदा हसे.

"अरं, रंग हाय त्यो! आत गेला तसा भाईर चालला. अंग साफ हुतंय की!"

ज्याला लाल होत नसे त्यालाच उलट चिडवत. "काम करतुयास का झोपा काढतुयास रं?"

मधूनच एखादा वाळत जाई, गावी जाई, परत येत नसे. कुणी म्हणे दारूनं गेला, कुणी म्हणे तंबाखूनं. हौदाचं नाव कुणी घेतलं नाही.

मग भार्गवी आली. डॉक्टर होती, मेडिकल कॉलेजातून आली होती. हातात रिकाम्या बाटल्यांचं खोकं.

"बाई, आमचं मूत न्हेऊन करणार काय? सरबत?" चनमल्लप्पानं विचारलं. सगळे हसले. ती हसली नाही.

"रंगात काम करणाऱ्यांना मूत्राशयाचा कॅन्सर जास्त होतो का, ते शोधतेय."

"त्यो तंबाखूनं हुतो."

"तंबाखूनंही होतो. म्हणून तर सगळ्यांची बाटली हवी. खाणाऱ्याची, न खाणाऱ्याची, रंगातल्यांची, गेटवरच्या वॉचमनची. ताडून बघितल्याशिवाय मलाही काही सांगता येणार नाही."

मालकानं आधीच सगळ्यांचे कान भरले होते. ही बाई काहीतरी लिहून वर पाठवणार, मग गेटला कुलूप, मग बसा माती खात. चनमल्लप्पाला ते आठवलं. त्यानं मला उचललं आणि खोक्यावर घातलं. बाटल्या उडाल्या. दुसरा घाव घातला तेव्हा खोकं वाचवायला तिनं हात मध्ये घातला.

मनगट मोडलं. त्याचा आवाज वाळल्या फाट्यासारखा असतो.

सात रस्ता चौकाजवळच्या दवाखान्यात प्लास्टर घालून ती पुन्हा आली. गेटपाशी उभी राहिली.

"पोलिसात न्हाय गेलीस?" चनमल्लप्पानं विचारलं. आवाज जरा उतरला होता.

"गेले असते तर तुमच्यातल्या एकानंही मला बाटली दिली नसती."

बाटली तिला तेव्हाही कुणी दिली नाही. पण गेट कुणी लावून घेतलं नाही.

चनमल्लप्पाचा भाचा विरेश शेजारच्या हिरव्या हौदावर होता. बापाविना वाढलेला, मामानंच कामाला लावलेला. एका सकाळी तो मुतारीतून आला आणि मामासमोर उभा राहिला.

"मामा, लाल जातंय."

"जाऊ दे की. रंग हाय."

"मामा, मी हिरव्यावर हाय."

ढवळणं थांबलं. "लाल हौदाला हात लावला असशील."

"तुमी लावू देता व्हय कुणाला?"

चनमल्लप्पानं त्याचे हात धरून उलटसुलट पाहिले. कोपरापर्यंत हिरवे. लालाचा एक ठिपका नाही. मग त्यानं स्वतःच्या हातांकडं पाहिलं. त्यालाही वर्षानुवर्षं लाल होत होती, आणि दर वेळी तो हसला होता.

त्यानं मला उचललं. विरेशनं डोकं झाकलं.

घाव हौदाच्या बुचावर पडला. पुन्हा पडला. शिव्या देत, रडत, तो हाणत राहिला. मी मधोमध तडकलो तेव्हा बूच निखळलं. उकळता लाल लोंढा त्याच्या पायांवरून अंगणात गेला. कातडी सोलून निघाली, तरी तो हलला नाही.

"येड्या, माल गेला माझा!" तात्याबा मालक ओरडत आला.

चनमल्लप्पानं माझं टोक त्याच्या गळ्यावर टेकवलं. "बाईला बोलवा. आत्ता."

त्या दिवशी सगळ्यांनी बाटल्या दिल्या. मालकानं तेवढी दिली नाही. "मी काय मजूर हाय?" म्हणाला.

तपासणीत विरेशच्या मूत्राशयात गाठ निघाली, पण लहान होती. दुर्बीण घालून जाळली. तो जगला. चनमल्लप्पाची गाठ मूत्राशय फोडून पुढं गेली होती. शेवटी शेवटी त्याच्या किंकाळ्या गल्लीच्या टोकापर्यंत जात. घरच्या लिंगायत रिवाजानं त्याला बसवून मातीत पुरलं. हात तेव्हाही लालच होते.

भार्गवीनं माझ्याही ढलप्या काढून नेल्या. जुन्या रंगाचं विष माझ्या गाभ्यापर्यंत मुरलंय, असं तिनं विरेशला सांगितलं. पण एका दांडक्यानं आणि दोन माणसांनी काही सिद्ध होत नाही, म्हणाली. अजून कारखाने बघायचेत, अजून माणसं तपासायचीत. ती अजून फिरतेय. ते मनगट तिला आता पुरतं वळत नाही.

चनमल्लप्पानं मला घरी नेलं होतं. तो गेल्यावर त्याची बायको शिवम्मा मला चुलीत घालणार होती. दोष देत नाही तिला. पण विरेशनं मला हिसकावून घेतलं.

"मामी, ह्याचा धूर नको घरात."

त्यानं मला कारखान्यात आणून मुतारीच्या दाराशी टेकवलं आणि सगळ्यांना सांगितलं, "ज्याला लाल दिसंल त्यानं ह्यो दांडका उचलायचा, आन् दाराच्या पत्र्यावर हाणायचा. लाजायचं न्हाय. रंग म्हणायचं न्हाय. तडक दवाखाना."

तेव्हापासून माझं काम बदललं. ढवळत नाही, मारत नाही. उभा राहतो. कुणी मला उचलून हाणलं की हौद थांबतात, कुणीतरी गाडी काढतं. आता हसत कुणी नाही.

मुतारी एकच आहे. मालकही इथंच येतो.

आज सकाळी मला एका हातानं उचललंय. हा हात नवा आहे. मऊ, घामेजलेला. नखांच्या कडांना लाल पावडर. दाराच्या पत्र्यासमोर मला धरून हाताचा धनी मागं वळून बघतोय, कुणी पाहतंय का.

तात्याबा मालक, हा रंग नव्हे, हे चनमल्लप्पाला कुणी सांगितलं नव्हतं. तुम्हाला मी सांगतोय. मी तडकलोय, पण एका घावाला पुरून उरेन.

हाणा.