पिनियनचे सहा दात

भिलाईजवळच्या कुरुदच्या एका वस्तीत नरहरीबाबूंचं घर विचारलं, तर लोक घर सांगत नसत, ट्रक सांगत. "ट्रकवाले बाबू ना? सरळ जा." आणि बाबूही असे, की पाहुण्याच्या हातात पाण्याचा पेला यायच्या आत त्याला शेडमध्ये नेत. ताडपत्री ओढली की आत निळा डॉज उभा, छप्पन सालचा. भिलाईचा कारखाना उभा होत होता तेव्हा एका ठेकेदाराने मोजणीची यंत्रं न्यायला तो आणला होता. बिचारा कुंपणाच्या आतच फिरला, आणि पुढे लिलावात नरहरीबाबूंच्या हाती आला. मीटरवर अकरा हजार चारशे बारा मैल. पाहुण्याने वाकून तो आकडा वाचला नाही, तर बाबू स्वतः वाचून दाखवत.

आता ट्रक म्हणजे ओझं वाहायची जात. पण या ट्रकने बाबूंच्या घरी सात वर्षांत विटेचा तुकडाही वाहिला नव्हता. दसऱ्याला पूजा, चौकापर्यंत एक फेरी, की पुन्हा ताडपत्री. बायको वसुंधरा म्हणायची, "पोटच्या पोरीलेही तुम्ही एवढं जपलं नाही." बाबूंना ती स्तुती वाटायची.

शहाऐंशीच्या श्रावणात एका सकाळी मागच्या गल्लीतला तेजराम अनवाणी धावत आला. जामुलच्या एका वर्कशॉपमध्ये तो मशीनवर गिअर कापायचा. त्याची आई भागीरथा साऱ्या गल्लीची होती. वसुंधराच्या दोन्ही बाळंतपणांत शेकशेगडी तिनेच केली होती.

"काका, मायले झटका आला. तोंड वाकडं झालं तिचं. गाडी काढा, दुर्गच्या दवाखान्यात नेतो."

बाबू तेव्हा ट्रकला पॉलिश करून उठले होते. बाहेर घोटाभर चिखल. त्यांनी चिखलाकडे पाहिलं, ट्रकच्या चकचकीत मडगार्डकडे पाहिलं, आणि तोंडातून निघून गेलं, "अरे, सेल्फचं पिनियन गेलं ना. सहा दात साफ झिजले." पिनियन म्हणजे इंजिन चालू करणाऱ्या सेल्फ-मोटरचं लहानसं दातेरी चाक.

"धक्का मारू का?"

"दोघांच्या धक्क्यानं हलते काय ट्रक?"

भाजीच्या हातगाडीवर आईला घालून तेजरामने डांबरी रस्ता गाठला. तिथून वाहन मिळेपर्यंत दोन तास गेले. म्हातारी वाचली, पण उजवं अंग गेलं. डॉक्टर म्हणाले, उशीर झाला.

लबाडी करायची तर ढोबळ करावी. 'बिघडली आहे' एवढंच म्हटलं असतं, तर चार दिवसांत लोक विसरले असते. पण कारखान्याच्या स्टोअरमध्ये उभी हयात घालवलेला माणूस! पार्टचं नाव आणि त्याचं दुखणं सांगितल्याशिवाय त्यांचं वाक्यच पुरं होत नसे. एकदा नाव सांगितलं म्हणजे ती वस्तू कुठेतरी मिळणार, हे त्यांना तरी सुचायला हवं होतं.

त्या दिवसापासून बाबूंनी पाहुण्यांना शेड दाखवणं सोडलं. मागच्या गल्लीतून जाणंही सोडलं. ताटावर बसले की हातगाडी डोळ्यांसमोर यायची, घास फिरायचा. स्वतःचीच लाज वाटायची, पण सांगणार कुणाला?

दसऱ्याच्या सकाळी वसुंधरा झेंडूचे हार ओवत होती. तेवढ्यात सायकलरिक्षातून भागीरथा आली. सोबत तेजराम, काखेत पान्यांची पिशवी, हातात तेलकट कागदाची पुडी.

"काका, तुमचं पिनियन आणलं," तो हसत म्हणाला. "रायपूरच्या कबाड्याकडं नमुना भेटला. जेवनाच्या सुट्टीत कापत होतो, दोन महिने लागले. दसऱ्याले गाडी बंद कावून राहावं?"

बाबू शेडच्या दारात आडवे उभे राहिले. "आज सणाचं कशाला? मग पाहू."

"मीच म्हटलं त्याले," रिक्षातून भागीरथा अडखळत बोलली. "उद्या दुसऱ्या कोनावर माझ्यासारखी वेळ आली, तं गाडी तयार पायजे."

बाबू बाजूला झाले. तेजरामने पोतं अंथरलं आणि ट्रकखाली शिरला. सेल्फ उतरवून त्याने तिथेच उघडायला घेतला. बाहेर फक्त त्याचे पाय दिसत होते. पान्याची खटखट चालली होती, ती एकाएकी थांबली. पायही हलेनात. बाबू ट्रकजवळ वाकले. आता हा बाहेर येईल आणि सगळ्यांदेखत विचारेल. विचारावंच, एकदा सुटू तरी, असंही त्यांना वाटलं.

बऱ्याच वेळाने पान्याचा आवाज पुन्हा सुरू झाला.

तेजराम बाहेर आला तेव्हा त्याच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं होतं. "बसवलं," तो म्हणाला.

"चालू करा ना बाबू," भागीरथा म्हणाली. "आवाज आयकू द्या."

बाबूंनी किल्ली फिरवली. ट्रक अर्ध्या फेऱ्यात सुरू झाला, दरवर्षी व्हायचा तसाच. म्हातारीचा वाकडा चेहरा उजळला. "पाहा! माह्या लेकाच्या हातात गुन आहे." वसुंधरानेही तेजरामची तोंड भरून स्तुती केली. तो खाली मान घालून हात पुसत राहिला.

इंजिन बंद करून बाबू उतरले. "तेजराम, मी... तुझ्या मायले ट्रकनं घरी सोडून देतो."

"नको काका. मीटर वाढंन."

एवढंच तो बोलला, तेही आईला ऐकू जाणार नाही इतक्या हळू. मग त्याने काढलेलं जुनं पिनियन बाबूंच्या उजव्या हातावर ठेवलं. दात सगळे जिथल्या तिथे, कारखान्यातून आले तसे. "जपून ठेवा. अजून लय चालंन."

बाबू त्याला हाक मारायला वळले, तोच रिक्षात भागीरथा आपट्याचं पान पुढे करून बसली होती.

"संध्याकाळी काही येनं होनार नाही माझ्यानं, आताच सोनं घ्या," ती म्हणाली. "डाव्या हातानं देऊन राहिली बाबू, राग नका मानू. उजवा उठत नाही."

बाबूंच्या उजव्या हातात ते पिनियन होतं. त्यांनीही डावाच हात पुढे केला.