हार्लनची बॅग आणि माझं नाक

मी मोआ बोलतेय. आमच्या सामोआत मोआ म्हणजे कोंबडी. पिल्लू असताना मी खुराड्यात जाऊन झोपायचे, म्हणून सुलियानं हे नाव ठेवलं. मी मात्र कुत्री आहे. विमानतळावर बॅगा हुंगायचं माझं काम. फळ, बी, माती, मध, कशाचाही वास आला की त्या बॅगेपाशी गप्प बसायचं. भुंकायचं नाही. पुढचं सुलिया बघायची. ती जकातीत होती.

तिचा थोरला भाऊ योआने चर्चच्या मागे मधमाश्या पाळायचा. सुट्टीच्या दिवशी मी त्याच्या पेट्यांजवळ लोळत पडायचे.

एकदा हार्लन नावाचा परदेशी व्यापारी आला. योआनेचा सगळा मध त्याला पडत्या भावात हवा होता. योआनेनं नकार दिला. हार्लन हसला आणि निघून गेला.

पुढच्या फेरीला मी त्याच्या बॅगेपाशी बसले. आत कुठल्या तरी आजारी माश्यांचं कुजकं पोळं होतं. सुलिया बॅग उघडणार, तोच तिचा साहेब आडवा आला. पाहुणे मोठ्या हॉटेलात उतरणारेत, कुत्रीला भूक लागली असेल, म्हणाला. हार्लननं जाता जाता मला बुटानं बाजूला सारलं.

ते पोळं त्यानं योआनेच्या कुंपणाशी टाकलं. योआनेच्या माश्यांनी त्यातला मध पेट्यांत नेला आणि त्यांच्या अळ्या आतल्या आत सडल्या. रोग पसरू नये म्हणून योआनेला आपल्याच हातांनी खड्डा खणून पेट्या जाळाव्या लागल्या. सुलिया त्याला धरून उभी होती.

"सुली," तो म्हणाला, "आतल्या काही अजून जिवंत आहेत गं."

आमच्याकडे ज्यानं कुणाचं वाकडं केलं, तो माफी मागायला डोक्यावर चटई घेऊन त्याच्या घरासमोर येऊन बसतो. मी वाट पाहिली. कुणी आलं नाही. मग मी फक्त हार्लनच्या वासाची वाट पाहू लागले.

वर्ष उलटल्यावर तो आला. मी बसले.

"बिस्किटं आहेत," तो म्हणाला.

"मोआ बिस्किटांपाशी बसत नाही," सुलिया म्हणाली. "किल्ली द्या."

साहेबाची एव्हाना बदली झाली होती. शर्टांच्या घडीत एक डबी निघाली, आत जिवंत राणीमाश्या. योआनेचा धंदा बुडवून झाला होता, आता याला इथे स्वतःच्या पेट्या मांडायच्या होत्या. सुलियानं साक्षीदार म्हणून भावाला बोलावून घेतलं.

"दंड किती ते सांगा, भरतो," हार्लन म्हणाला.

"भरालच. आधी उतरताना सामानाच्या या कार्डावर काय लिहून दिलंत, ते माझ्या दादाला वाचून दाखवा."

त्यानं पुटपुटत वाचलं. माझ्या सामानात प्राणी, कीटक, मध काही नाही.

"ऐकू आलं नाही," योआने म्हणाला.

सगळी रांग बघत होती. हार्लनला मोठ्यानं वाचावं लागलं. मग पुन्हा एकदा.

त्याच विमानानं त्याची पाठवणी झाली. मी शिडीपर्यंत सोबत गेले आणि आयुष्यात पहिल्यांदा कामावर असताना भुंकले. दार बंद होईपर्यंत भुंकत राहिले. सुलियानं दोरी ओढली नाही.

आता म्हातारपणी मी योआनेच्या अंगणात असते. पेट्यांची जागा अजून काळी आहे. परवा चर्चमध्ये पाळकांनी क्षमेवर प्रवचन केलं, तेव्हा योआनेनं मान खाली घातली. सुलियानं घातली नाही. मीही नाही.

तुम्ही आलात तर कार्डावर खरं ते लिहा. खरं सांगणाऱ्याशी माझं काही वाकडं नाही. पण हार्लन पुन्हा दिसला, तर मला हाक मारा. दात थोडेच उरलेत. त्याच्यापुरते आहेत.