अर्धं नाणं पापी

साल एकोणीसशे चौसष्ट. मोरी दुरुस्त करायला शिंप्याच्या घरामागची जमीन उकरली आणि मातीच्या गाडग्यातून हिरव्या-काळ्या नाण्यांचा गोळा निघाला. पाठोपाठ गावोगाव फिरणारे एक महाराज आले. गुळाच्या ढेपेला मुंगळ्यांना बोलवावं लागत नाही.

"हा गंज नव्हे, घराण्याचं पाप!" भरल्या अंगणात महाराज गरजले. त्यांचा उजवा हात सारखा थरथरत असे. लोक त्याला शक्तीचा कंप म्हणत. "मी पाप धुतो, तांब्याची चांदी होते!"

त्यांनी नाणं राखेनं घासलं, घंगाळातल्या पाण्यात बुडवलं, फडक्यानं चोळलं. नाणं लखलखलं. बायकांनी हात जोडले. सासूबाई तर ते पाणी रोज चमचाभर पिऊ लागल्या.

धाकट्या सुनेचा नवरा वर्षापूर्वी तापानं गेला होता. पदरात पाच वर्षांची ठमी. तिनं एवढंच विचारलं, "चांदीच झाली, तर सोनाराकडे कसाला लावून बघू या का?"

महाराज हसले. चवथ्या दिवशी त्यांनी घरातल्या प्रत्येकाच्या नावानं एकेक नाणं धुतलं. सगळ्यांची चांदी झाली. धाकटीचं मात्र काळं ते काळंच.

"नवरा कुणी खाल्ला, ते नाण्यानंच सांगितलं! असली पापी नाणी मी नदीत सोडीन," म्हणत महाराजांनी ते नाणं आपल्या थैलीत टाकलं. थैली आधीच निम्मी भरली होती.

"अवदसे, माझ्या लेकाला गिळलंस!" सासूबाई किंचाळल्या. तोंडाला फोड आले होते, लाळ गळत होती, पण जीभ थांबेना. "उचल तुझं बोचकं. ठमी इथंच राहील."

"आई, पोर कशी राहील माझ्याशिवाय?"

"तू मेलीस असं सांगू तिला," थोरले भाऊजी म्हणाले. गर्दीतलं कुणीतरी फिदीफिदी हसलं.

"आधी पोरीला हे पाणी पाजा," महाराजांनी वाटी पुढं केली. "आईचं पाप उतरेल."

सासूबाईंनी वाटी ठमीच्या ओठाला लावली. धाकटीनं हाताच्या फटक्यानं ती उडवली. सासूबाईंनी तिच्या मुस्काटात दिली. त्याच वेळी, सासूबाईंच्या तोंडासाठी बोलावलेल्या डॉक्टरीणबाई दारात उभ्या राहिल्या. काळ्या नाण्याची गोष्ट गर्दीतूनच त्यांच्या कानावर आली होती.

त्यांनी सासूबाईंच्या हिरड्या पाहिल्या. बोटातली सोन्याची अंगठी पांढरी पडलेली पाहिली. मग महाराजांचा थरथरता हात.

"कधीपासून पाऱ्याचा धंदा करताय?"

"ही शक्ती आहे, बाई!"

"हे विष आहे. ते आधी तुमच्याच हातात शिरलंय." बाई भाऊजींकडे वळल्या. "एक तांब्याचा पैसा द्या. आणि मेणबत्ती."

पैसा राखेनं घासून त्याच्या अर्ध्या भागावर त्यांनी मेण टाकलं, चिमट्यानं तो घंगाळात बुडवला, फडक्यानं चोळला. मेणाखालचा भाग तांब्याचा राहिला, उरलेला रुपेरी झाला.

"अर्धं नाणं पुण्यवान, अर्धं पापी," बाई म्हणाल्या. "पाऱ्याचा थर बसतो, चांदी होत नाही. आता सूनबाईंचं नाणं काढा."

त्यावर त्यांनी गरम पाणी ओतलं. पाण्यावर मेणाचा तवंग आला. अंगणात कुणी हसलं नाही.

थैली उलटी केली. त्यातलं एकेक नाणं कापसात गुंडाळलेलं, एकावरही राख लागलेली नाही. डॉक्टरीणबाईंनी बोलावलेला संग्रहालयातला माणूस आला आणि भिंग लावून म्हणाला, "हिरव्या थराखाली अक्षरं शाबूत आहेत. किंमत यांना. तुम्ही घासून पांढरी केलेली आता भंगार."

महाराजांना हे आधीपासून ठाऊक होतं. मोलाची नाणी थैलीत, चकाकणारी मूर्खांना.

महाराज तुरुंगात गेले. तिथं पेजेचा घास तोंडापर्यंत पोचेना. कुणी त्याला शक्तीचा कंप म्हटलं नाही. भाऊजींची चांदी महिन्याभरात काळवंडली. सासूबाईंचे दात एकेक करून गळाले. बोळक्या तोंडात धाकटीच पेज भरवायची. शेवटपर्यंत त्यांनी "चुकलं" म्हटलं नाही, आणि धाकटीनंही त्यांच्यासाठी पेजेतली शितं कधी गाळून काढली नाहीत. थैलीतली नाणी सरकारजमा झाली, त्याच्या बक्षिसातल्या आपल्या वाट्यातून तिनं स्वतःचं शिलाई यंत्र घेतलं. ठमी शाळेत प्रश्न विचारल्याबद्दल पुष्कळदा वर्गाबाहेर उभी राहिली. त्याबद्दल आई तिला कधी रागावली नाही.

लोक आजही चमत्काराला हात जोडतात. जोडोत बापडे. पण ज्या चमत्कारात एखाद्या बाईला पापी ठरवतात, तिथं हात जोडण्याआधी एवढंच विचारा: मेण कुठं लावलंय?