बोगोमिलच्या झऱ्याचं पाणी

डोंगरावरच्या संत पेत्काच्या झऱ्यापाशी दर रविवारी अर्धं गाव लोटायचं. धापा टाकत वर पोचलेल्या माणसाचा हात तिथला वैदू बोगोमिल खाली लोंबता ठेवायचा आणि लगेच रक्तदाब मोजायचा. एकशे ऐंशी! मग पेलाभर पाणी, खुर्चीत अर्धा तास विसावा, हात डोक्याच्या उंचीच्या फळीवर. पुन्हा मोजलं की एकशे चाळीस. "गोळ्या म्हणजे विष," तो सांगायचा. "पोटात विष असताना संत पेत्काची कृपा उतरणार कुठे?" लोक छातीवर क्रूस काढायचे आणि बाटल्या भरायचे.

मी गावातली नर्स. बल्गेरियातल्या आमच्या या भागात दर दुसऱ्या घरात रक्तदाब. माझ्या थोरल्या भावानं, गेंचोनं, गोळ्या चुलीत टाकल्या. मी भांडले, रडले.

"तुझ्या यंत्रावर कधी उतरला का गं दाब?" तो म्हणाला. "त्याच्याकडे उतरतो."

खारं चीज, राकियाची दारू, सिगरेट, सगळं सुरूच होतं. पाणी पितोय ना!

सातव्या आठवड्यात न्याहारी करताना त्याच्या हातातला पाव गळून पडला. तोंड वाकडं झालं, शब्द फुटेना. पेन्कावहिनीनं मला बोलवायच्या आधी दोन तास त्याला तेच पाणी पाजलं. त्याला ठसके लागत होते, तरी ती पाजत राहिली. गेंचो वाचला, पण उजवं अंग गेलं.

पुढच्या रविवारी मी माझं यंत्र घेऊन वर गेले. स्तोयनाआजींचा दाब नुकताच 'उतरला' होता. त्यांना खुर्चीतून उठू न देता मी फक्त हात टेबलावर, दाब मोजताना ठेवायचा तसा छातीच्या उंचीला ठेवला. एकशे चौसष्ट. हात फळीवर नेला, एकशे अडतीस. पुन्हा टेबलावर, एकशे पासष्ट. मधे पाण्याचा थेंबही नाही.

"तुमची श्रद्धा नाही, ताई," बोगोमिल म्हणाला.

"हात आजींचा आहे. त्यांची तर आहे ना?"

काहींनी तरीही बाटल्या भरल्या. आजींनी हळूच विचारलं, "मग मी आता काय करू गं?"

मी त्यांना सांगितलं तेच तुम्हाला सांगते. डॉक्टरांची गोळी रोज घ्या, मनानं बंद करू नका. मीठ कमी करा, दारू आवरा, सिगरेट सोडा, रोज चाला. गेंचो आता तीन शब्द बोलतो. त्यांत माझं नाव नाही. कुणाचं तोंड वाकडं झालं, हात लुळा पडला, जीभ अडखळली, तर तोंडात काही घालू नका. देवाला हाक नंतर मारा, आधी अँब्युलन्सला.