आंबपाड्याची शीव

गळ्यात ओळखपत्र अडकवलेलं माणूस गल्लीत शिरलं की मालतीच्या कपाळाला आठी पडायची. आंबपाडा ग्रामपंचायत मोडून सिल्वासा शहरात गेली, तेव्हापासून असल्या माणसाने एकदा तरी चांगली बातमी आणली असेल तर शपथ! त्यात महिनाभर टपरीवर एकच चर्चा चालली होती. नवा रस्ता म्हणे पंचायतीच्या जुन्या शिवेवरून जाणार. मालतीच्या घराची मागची भिंत नेमकी त्याच शिवेवर होती; रस्ता आला की घर गेलंच. नवरा खडोलीच्या कंपनीत राबत होता आणि दोघांनी पोटाला चिमटा काढून ते घर उभं केलं होतं.

आज आलेल्या बाई म्हणजे शाळेतल्या तेजस्विनी मॅडम, मूळच्या रत्नागिरीच्या. पंचायतीचा इतिहास लिहायला घेतलाय म्हणाल्या. जुने कागद ऑफिस हलवताना गहाळ झाले, म्हणून लोकांनाच विचारत फिरत होत्या.

इतिहास? मालतीने बाईंना नखशिखान्त न्याहाळलं. पंचायत होती तेव्हा तिला कुणी विचारलं नाही, आणि आता ती गेल्यावर एवढा उमाळा कशाला?

चहाचा घोट घेऊन बाईंनी विचारलं, "पंचायतीची शीव कुठपर्यंत होती हो?"

झालं, मालतीचा संशय पक्का झाला. ही तर रस्त्याची मोजणी.

"नाल्यापर्यंत," ती ठणकावून म्हणाली. "आमचा पाडा नाल्याच्या या बाजूला. पंचायतीत नव्हताच कधी."

ओट्यावर तिचे सासरे झुंबरबाबा बसले होते. आंबपाड्याचे पहिले सरपंच! त्यांनी तोंड उघडलं, तशी मालतीने डोळे वटारले. "बाबांना आता काय आठवत नाय, मॅडम."

ज्यांना सगळं लख्ख आठवत होतं, ते बाबा सुनेच्या घरासाठी गप्प बसले.

त्याच संध्याकाळी मालती घरोघर फिरली. कुणीही विचारलं तरी उत्तर एकच द्यायचं, असं तिने सगळ्यांना बजावलं. पाड्याने एवढी एकी कुठल्या निवडणुकीत दाखवली नव्हती.

काही दिवसांनी शाळेत सभा ठरली. छापण्याआधी मॅडम सगळं वाचून दाखवणार होत्या. बाबांनी हौसेने धुतलेला सदरा घातला, आणि मालती गेली ती पहारा ठेवायला. पहिल्याच रांगेत रस्त्यांच्या खात्यातला नाशिकचा इंजिनिअर अनिकेत बसलेला दिसला. इतिहास ऐकायला इंजिनिअर कशाला लागतो?

मॅडम वाचत होत्या. "पहिले सरपंच म्हणून झुंबर यांचं नाव एक-दोघांनी घेतलं. पण ते पंचायतीच्या हद्दीत राहत नव्हते, म्हणून ते नाव धरलेलं नाही. पहिला मान रमाकांतशेठ यांचा. सगळ्यात लांबच्या घरातलं माणूस आल्याशिवाय ग्रामसभा सुरू करायची नाही, ही सुंदर पद्धत त्यांनीच घातली."

दुकानदार रमाकांतशेठने नम्रपणे मान झुकवली. नंतर सरपंच झालेल्या याच गृहस्थाने दुकान उघडायला उशीर होतो म्हणून ती पद्धत बंद केली होती! आणि बाबा? लांबच्या घरची म्हातारी येत नाही म्हटल्यावर ते स्वतः चालत जायचे, तिला हाताला धरून आणायचे. तोवर सगळा गाव थांबायचा.

मालतीचं डोकं सणकलं. तिने बाबांकडे पाहिलं. आता तरी बोलतील! पण बाबा खाली मान घालून सदऱ्याचं टोक चाचपत राहिले. घरासाठी गप्प राहायचं ठरलं होतं ना, मग कुणी काही का वाचेना, ते गप्पच राहणार होते. मालतीला स्वतःची इतकी लाज आयुष्यात वाटली नव्हती.

ती उठली. "मॅडम, हे छापू नका. मी खोटं सांगितलं. आमचा पाडा पंचायतीतच होता. पहिले सरपंच हे, माझे सासरे."

पाड्यातली माणसं तिच्याकडे खाऊ की गिळू अशी बघायला लागली. रमाकांतशेठची मान ताठ झाली. इंजिनिअरने खुर्ची वळवली.

"मग शीव नक्की कुठून जायची, काकी?"

नुसतं कुतूहल होतं की मोजणी? मालतीने त्याचा चेहरा निरखून पाहिला, पण तिला काही कळेना. खोटं अजूनही निभावता आलं असतं. तिने बाबांच्या दंडाला धरून त्यांना उभं केलं.

"सरपंचांना विचारा," ती म्हणाली.

बाबांनी एकदा सुनेकडे पाहिलं. तिने होकाराची मान हलवली. मग खणखणीत आवाजात ते म्हणाले, "आमच्या घराच्या मागच्या भिंतीपासून धरा."