“शुद्ध” कुमिसची पाटी

मी एक जुनी पत्र्याची पाटी आहे. आता मी मेंढवाड्याच्या मागे, वाळलेल्या शेण्यांच्या ढिगावर पालथी पडलेली असते. पाऊस माझ्या पाठीवरून वाहून जातो आणि शेण्या कोरड्या राहतात. माझी अक्षरे मातीकडे असल्यामुळे कोणाला दिसत नाहीत. मित्रांनो, एका उन्हाळ्यात मी हेच मागत होते, की कोणीतरी मला पालथी करावी.

त्याआधी मी धान्याच्या ट्रकची पत्र्याची फळी होते. ट्रक भंगारात गेला तेव्हा मुकाश रंगाऱ्याने मला कापले, घासले आणि आभाळी रंग दिला. किर्गिझ डोंगरांतल्या सुसामीरच्या कुरणात, मोठ्या रस्त्याच्या कडेला आयसालकिनचा जाड लोकरी नमद्याचा तंबू होता. तिथे ती घोडीच्या दुधाचे आंबट कुमिस विकत असे. पाटी तिनेच करायला सांगितली होती.

“दोनच शब्द लिही. शुद्ध कुमिस,” ती मुकाशला म्हणाली. “आणि शुद्ध कसा लांबून उठून दिसला पाहिजे. माझी आई पखालीला जुनिपरच्या झुडपाची धुरी दिल्याशिवाय दूध ओतत नसे. मीही नाही ओतत.”

मुकाशने पांढऱ्या रंगात सुरेख अक्षरे काढली. मग तो दोन पावले मागे सरला, मान कलती केली, आणि ‘शुद्ध’ उठून दिसावा म्हणून त्याच्या दोन्ही बाजूंना लाल रंगाची अवतरणचिन्हे काढली. किर्गिझ लोक या चिन्हांना इवली नखे म्हणतात. मला ती दागिन्यांसारखी वाटली. मी खांबावर चढले तेव्हा नव्या नवरीसारखी ताठ होते.

सुरुवातीला माझे कौतुक झाले. गाड्या थांबू लागल्या. पण उतरणारे लोक माझ्याकडे पाहून हसत. एक ट्रकवाला वाडगा हातात घेऊन म्हणाला, “वहिनी, हे ‘शुद्ध’ आहे, की खरंच शुद्ध आहे?” त्याच्या सोबत्याला हसताना ठसका लागला. आयसालकिनही हसली, पण तिला काही कळले नव्हते.

कळले ते साबिराबाईंमुळे. त्या खालच्या गावच्या शिक्षिका. त्यांनी कुमिस घेतले, मला वाचले आणि वाडगा खाली ठेवला.

“आयसालकिन, ही नखं कोणी लावली?”

“मुकाशनं. छान दिसतात ना, बाई?”

“अगं, ही दुसऱ्याच्या शब्दांना लावतात. मी घरी जाऊन लिहिलं, आयसालकिन म्हणाली, ‘या, बसा,’ तर ते तुझे शब्द, म्हणून चिन्हांत. आता तू आपल्याच शब्दाला ती लावलीस. म्हणजे काय झालं? दुसरं कोणीतरी याला शुद्ध म्हणतं, आपण नाही म्हणत. शुद्ध, म्हणे!”

आयसालकिनचे कान लाल झाले. म्हणजे इतके दिवस सगळा रस्ता तिला हसत होता. तिने मान वर करून माझ्याकडे पाहिले आणि मी खांबावरच्या खांबावर मेले. त्याच दिवशी तिने मुकाशला निरोप धाडला, “रंग काढायचं तेल घेऊन ये.”

तिचा नवरा तोलोगोन ओढ्यापलीकडे घोड्यांबरोबर असे. आयसालकिनचा गुडघा दुखावल्यामुळे त्या उन्हाळ्यात घोड्या तोच दोहत होता आणि दुधाचे डबे ओढ्यावरून आणून देत होता. मी लागल्यापासून तो रस्त्याकडे फारसा फिरकत नसे. आला तरी माझ्या खालून मान खाली घालून जाई. बाकी सगळे मला पाहून हसत, हा एकटा हसत नसे. मला वाटे, बिचाऱ्याला बायकोची थट्टा सहन होत नाही.

मुकाश आला तो भर दुपारी, मोटरसायकलवरून. आयसालकिन जुने फडके शोधायला तंबूच्या मागे गेली होती. तेवढ्यात तोलोगोनने त्याला दंडाला धरून माझ्या खाली आणले.

“कोणी सांगितलं तुला?” त्याने हलक्या आवाजात विचारले.

“काय सांगितलं?”

“भोळा होऊ नकोस. ती नखं उगीच काढलीस का? पाण्याचं तुला कोणी सांगितलं?”

मुकाश त्याच्याकडे पाहतच राहिला. “कसलं पाणी, बाबा? लाल रंग उरला होता, म्हणून काढली.”

आयसालकिन फडके घेऊन मागे उभी होती.

तिने सगळे ऐकले होते. मग तोलोगोनच बोलला, जमिनीकडे पाहत. गवत यंदा लवकर करपले. घोड्या आटल्या. गिऱ्हाइके मात्र वाढत गेली. आधी त्याने डब्यात थोडे पाणी घातले, मग गाईचे दूध.

“मला वाटलं, माझीच घुसळण कमी पडते,” आयसालकिन म्हणाली. “पातळ लागतं म्हणून मी दुप्पट घुसळत होते. हात भरून यायचे. डबे आणून ठेवताना तुम्ही ते बघत होतात.”

“लोकांना रिकाम्या हाती कसं परत पाठवायचं, असं वाटलं गं.”

“आणि आसानकुन आजोबांना काय पाठवलंत?”

आसानकुन हे खाणीत उमर घालवलेले म्हातारे. छातीला बरे वाटावे म्हणून ते शेजारच्या तंबूत उतरले होते आणि रोज सकाळी आयसालकिनच्या हातचे कुमिस मोठ्या विश्वासाने पीत होते.

मुकाशने गुपचूप तेलाची बाटली उघडली. आयसालकिनने ती त्याच्या हातून घेतली.

“पुसू नकोस. आता बरोबर लिहिलंय.”

मित्रांनो, चुकून लागलेल्या चिन्हांची मला लाज वाटत होती. ती चिन्हे खरी निघाली, तेव्हा त्या लाजेला तळच उरला नाही. चूक असती तर पुसता आली असती.

आयसालकिन लंगडत शेजारच्या तंबूकडे गेली. म्हातारे दाराशी उन्हात बसले होते. तिने उभ्यानेच सगळे सांगून टाकले. नवऱ्याचे नाव पुढे केले नाही. म्हणाली, “आमच्या घरातून झालं.”

म्हाताऱ्यांनी दाढी कुरवाळली. “मला वाटलं, माझी जीभच गेली,” ते म्हणाले. “घरी मुलीला कळवलंसुद्धा नाही, की बापाला आता चव लागत नाही म्हणून. घाबरलो होतो, पोरी.”

“रागवा, आजोबा.”

“रागावलोयच. दूध कोण काढतं, ते दिसतं मला. तोलोगोनला म्हणावं, उद्या तू स्वतः आण. घोटभर असलं तरी चालेल, पण घोडीचं आण.”

दुसऱ्या दिवसापासून तोलोगोन पहिला वाडगा स्वतः घेऊन जाऊ लागला. म्हातारे पीत, जिभेवर घोळवत आणि त्याला तसेच उभे ठेवत. पखाल दुपारच्या आधीच रिकामी होई. मग आलेल्या लोकांना परत पाठवण्याचे काम आयसालकिनने नवऱ्यावरच सोपवले. तो माझ्या खाली बसून राही. कोणी विचारले, “काय हो, शुद्ध म्हणे?” तर तो सांगे, “भेसळ होती. मीच करत होतो. आता नाही. पण चिन्हं अजून काढायची नाहीत, असं घरातून सांगितलंय.” काही लोक पाठ फिरवत. काही म्हणत, “मग उद्या सकाळी लवकर येतो.” प्रत्येक वेळी त्याची मान खाली जाई, आणि त्याच्या डोक्यावर मी. आम्ही दोघांनी तो उन्हाळा असा काढला.

पहिले दव गोठले तशी तंबू उतरवण्याची वेळ आली. आसानकुन आजोबा गावी निघाले. त्यांनी शेवटचा वाडगा तोंडाला लावला, तो रिकामा करूनच खाली ठेवला आणि आणखी मागितला. आयसालकिनने तो भरून दिला. मग ती आत गेली आणि तेलाची बाटली घेऊन आली. नवऱ्याशी ती त्या दिवसांत कामापुरतेच बोलत असे. त्या दिवशीही एवढेच म्हणाली, “जपून घासा. अक्षरांना धक्का नको.”

तोलोगोन घोड्यावर उभा राहून मला घासू लागला. आयसालकिनने घोड्याचा लगाम धरला होता. लाल रंग त्याच्या मनगटावरून ओघळत कोपरापर्यंत गेला. घासून झाल्यावर तो तसाच उभा राहिला, आणि मग कपाळ माझ्या पत्र्याला टेकवून रडला. लगाम धरणारा हात हलला नाही.

पुढे किती तरी उन्हाळे मी त्या खांबावर काढले. मग वाऱ्याने वाकले, गंजले, आणि इथे आले.

मित्रांनो, दुसऱ्याचे शब्द उचललेत तर त्यांना ही चिन्हे जरूर लावा. ते शब्द त्याचे आहेत. पण आपल्या शब्दाला नटवण्यासाठी ती लावू नका. आपला शब्द उघडाच उभा राहायला हवा. तो उभा राहत नसेल, तर रंगाऱ्याला बोलावण्याआधी घरातली पखाल चाखून बघा.