सोमनाथची मूठ

मी एअर पिस्तूल बोलतोय. दारूचं नव्हे, दाबून भरलेल्या हवेचं. दहा मीटरवरच्या कागदाला भोक पाडायचं, एवढंच माझं काम. जन्मलो परदेशातल्या कारखान्यात, पण बोलायला शिकलो भोरजवळच्या उत्रोलीत, गेनबा सुताराच्या घरात. तेव्हा गोड ऐकायचं असेल तर दुसरं दार बघा.

मला पुण्याहून जुनं म्हणून आणलं सोमनाथनं, गेनबाच्या नातवानं. माझी मूठ आधीच्या मालकाच्या हाताची होती, ती त्याला टोचायची. मग गेनबानं पोराचा पंजा ओल्या मातीत दाबून घेतला. आयुष्यभर नांगराची रुमणी, म्हणजे धरायचे दांडे, घडवलेला माणूस, पण शिसवाची मूठ अशी कोरली की सोमनाथनं धरलं की मी त्याच्या मनगटालाच फुटलोय असं वाटायचं.

नेमबाजी शिकायची असेल तर पहिलं हे ऐका. महागडं पिस्तूल नंतर, आधी मूठ. मूठ हाताची नसेल तर बाकी सगळं वाया.

गावात एक बंद पडलेली भाताची गिरणी आहे. तिथं सोमनाथ सराव करायचा आणि धाकट्या बहिणीला, शेफालीला, शिकवायचा. लोक मला उचलतात आणि कागदाकडं बघत बसतात. कागद धुरकट दिसला तरी चालतो, नळीच्या टोकावरची माशी, म्हणजे नेम धरायचा खुंट, लख्ख दिसली पाहिजे. रोज शंभर वेळा छर्रा न घालता, कोऱ्या भिंतीकडं तोंड करून नुसता ट्रिगर दाबायचा. माशी हलली तर तुम्ही कच्चे. बूट सपाट तळाचे घ्या, झगमगीत नकोत. आणि दहा सेकंदात बार सुटला नाही, हात थरथरला, तर हट्ट करायचा नाही. सोमनाथनं गिरणीच्या भिंतीवर खडूनं लिहून ठेवलं होतं, ‘खाली ठेव. परत उचल.’

मागल्या वर्षी आखाडात कापूरहोळच्या रस्त्यावर त्याची गाडी घसरली. मी पेटीत होतो, पेटी त्याच्या पाठीला. तो गेला. मला ओरखडासुद्धा नाही. ही गोष्ट मी अजून गिळलेली नाही.

तेव्हापासून रोज दुपारी, घरात कुणी नसलं की गेनबा पेटी उघडायचा. मला उचलायचा नाही. नुसता आपला हात त्या मुठीच्या खळग्यात घालायचा आणि बसायचा. त्याची बोटं आखूड, सोमनाथची लांब. तरी हातात हात दिल्यासारखा बसायचा. खरं सांगू? अशा वेळी त्या खळग्यात तिसरं कुणीतरी असायचं. लाकूड गरम व्हायचं. गेनबाचा हात तर कायम थंडगार.

वर्षानं शेफालीनं मला हातात घेतलं. दसऱ्यानंतर आठवड्यानं पुण्यात संघाची निवड होती. छर्रे सगळे डावीकडं जायला लागले. तिचा पंजा लहान. बोटाचं नुसतं टोक ट्रिगरला पोचायचं, ते त्याला सरळ मागं ओढायच्या ऐवजी बाजूला ढकलायचं.

“आबा, मूठ जरा कानसा की. बोट पोचंना.”

“त्या मुठीला कानस लागायची न्हाई.”

“मग मी काय लांब बोटं उसनी आणू?”

“दुसरी करतो. गप सराव कर.”

“माती आणू हाताच्या मापाला?”

“घरच्या पोरीचा हात मला म्हाईत न्हाई व्हय? माती कशाला लागती?”

इथंच म्हातारा चुकला. आठ दिवस खपून त्यानं मूठ केली. शेफालीनं हात घातला. अंगठ्याचा खळगा तिच्या अंगठ्याच्या पुढं, बोटांची जागा लांब. गेनबानं दुसरं लाकूड घेतलं. दुसरी मूठही तशीच झाली. म्हाताऱ्याचे हात एकच हात ओळखत होते. पटाशी कुठूनही लावली तरी लाकडातून सोमनाथच बाहेर यायचा. मी बघत होतो. मला घाम येत असता तर आला असता.

खंडेनवमीला सुताराच्या घरात अवजारं पुजतात. त्या दिवशी त्यांना सुट्टी, कुणी हात लावायचा नाही. सोमनाथ-शेफालीची आई, बनाबाई, हिनं पाटावर वाकस, करवत, पटाशी मांडली. शेजारी मला ठेवलं, माझ्या बाजूला त्या दोन नव्या मुठी. हळदकुंकू वाहिलं, झेंडू ठेवला. मग मुठींवरून बोट फिरवत सासऱ्याला म्हणाली,

“मामंजी, जरा हिकडं बघा.”

“काय?”

“ह्ये तिन्ही हात माझ्या सोमनाथचं हायत. जित्या पोरीचा एक बी न्हाई.”

गेनबानं पाटाकडं बघितलं. तीन मुठी, तीन अंगठे, तिन्हींवर कुंकू. मग तो बोलला, “आज पटाशी उचलता येत न्हाई.”

शेफाली पुढं सरकून बसली. तिनं उजवा हात त्याच्यापुढं धरला. “पटाशी नका उचलू. ह्यो धरा.”

सोमनाथला पोचवून आल्यापासून म्हाताऱ्यानं या पोरीच्या हाताला हात लावला नव्हता. धरायचा तो मला. त्यानं तिचा पंजा घेतला. अंगठ्याचं मूळ चाचपलं, बोटांची पेरं मोजली, तळव्यावरचे घट्टे चोळले. “हितं फोड आलाय की गं,” तो म्हणाला. “कवा आला?”

“पहिल्या मुठीनं.”

त्या दिवशी दुपारी त्यानं माझ्या खळग्यात हात घातला नाही. दिवेलागणीपर्यंत पोरीचा हात सोडला नाही.

दसऱ्याला सकाळी त्यानं माती मागितली.

पुण्यात शेफाली नव्या मुठीनं साठ बार उडवून आली. निवड झाली, यादीत शेवटून दुसरी. छर्रे डावीकडं गेले नाहीत. बनाबाई म्हणाली, शेवटून असलं तरी नाव छापलंय ना.

आता मी शेफालीबरोबर हिंडतो. माझी जुनी मूठ उत्रोलीत गेनबाच्या उशाला आहे. तरी दुपार झाली की नसलेल्या त्या लाकडात मला ऊब जाणवते, आणि मी समजतो, म्हातारा बसलाय.

तेवढ्यावर भागत नाही. चाळिसाव्या बारानंतर पोरगी दमते, हात थरथरतो, तरी बार सोडायचा हट्ट धरते. तेव्हा तिच्या बोटांवर दुसरी बोटं येतात. लांब बोटं. ती ट्रिगरला शिवत नाहीत, मला फक्त हळूच खाली नेतात. शेफालीला वाटतं, आपणच हात खाली घेतला. तुम्ही तिला सांगू नका. तिला परत उचलायचं असतं.